मूत्रपिंडाचा आजार, पण मूळ महाधमनीत

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. एकात पायाच्या बोटांची तक्रार आहे, दुसऱ्यात न आवरणाऱ्या रक्तदाबाची, तिसऱ्यात लघवीच्या अहवालाची आणि चौथ्यात एका गोळीची; मात्र चारही प्रश्न अखेर मूत्रपिंडाला रक्त पोहोचवणाऱ्या नळ्यांपाशीच येतात. पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला आजार समोर असूनही अनेकदा ओळखला जात नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. त्यांना पंधरा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते सिगारेट ओढत असत. दीड महिन्यापूर्वी छातीत दुखू लागले म्हणून त्यांची जांघेतून अँजिओग्राफी झाली व एक स्टेंट बसवला. घरी सोडताना रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.३ होते, तीन आठवड्यांनी ते १.९ झाले आणि काल ३.१ आले. दरम्यान डाव्या पायाची दोन बोटे जांभळट निळी पडली असून रात्री फार ठणकतात, शिवाय मांड्यांवर जाळीसारखे डाग दिसू लागले आहेत. पायाची नाडी मात्र चांगली लागते. एका डॉक्टरांच्या मते हा अँजिओग्राफीच्या डायचा, म्हणजे धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या द्रवाचा, परिणाम आहे. दुसऱ्यांनी बोटांसाठी रक्त पातळ करण्याचे औषध वाढवण्याचा विचार बोलून दाखवला. नेमके काय झाले असावे, आणि यात चूक कोणाची?

उत्तर : रुग्णाला न तपासता पत्रावरून निदान करणे योग्य नाही, तरीही तुम्ही तारखा आणि आकडे इतके नीट लिहिले आहेत की एका आजाराचा दाट संशय येतो आणि तो तुमच्या डॉक्टरांसमोर लगेच मांडला जावा असे वाटते. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीच्या, भिंतीवर साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या थरातून सुटलेले बारीक स्फटिक रक्ताबरोबर वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या छोट्या धमन्यांत अडकले असावेत, असा तो संशय आहे.

आधी डायविषयी. डायमुळे मूत्रपिंडाला इजा झाली, तर क्रिएटिनिन साधारणपणे एकदोन दिवसांत वाढू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जाते आणि बहुतेकांमध्ये आठवड्यादोन आठवड्यांत पुन्हा खाली येते. तुमच्या वडिलांचे क्रिएटिनिन घरी जाताना ठीक होते, तीन आठवड्यांनी वाढलेले आढळले आणि दीड महिन्यानंतरही चढतेच आहे. डायची इजा अशी वागत नाही. उशिरा सुरू होणे आणि पायरीपायरीने वाढत जाणे ही स्फटिकांच्या आजाराची चाल आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

धमनीकाठिण्यात महाधमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी, कोलेस्टेरॉल, पेशींचे अवशेष आणि कॅल्शियम यांचा लगदा साठतो व त्यावर तंतुमय आवरण धरते. ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत असे थर असतात, त्यांच्या महाधमनीतही ते बहुधा असतातच. जांघेतून घातलेली कॅथेटरची नळी हृदयापर्यंत पोहोचते ती संपूर्ण महाधमनीतून वर सरकत, आणि वाटेत तिचे टोक अशा एखाद्या थराला घासले तर आवरण फाटून आतला लगदा रक्तात सांडतो. महाधमनीवरील किंवा हृदयावरील शस्त्रक्रियेतही हे घडू शकते, तर क्वचित कोणताही हात न लागता थर आपोआप फुटतो. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण हृदय दर मिनिटाला जे रक्त बाहेर टाकते त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा, सुमारे एक लिटर, त्यांच्याकडे जातो. महाधमनीत काही सुटले की त्याचा मोठा वाटा मूत्रपिंडात जाणार, हे त्या वाटणीवरूनच कळते.

हे स्फटिक मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी रुंदी असलेल्या धमन्यांत अडकतात. ते सुईसारखे लांबट व वेडेवाकडे असल्यामुळे नळी पहिल्याच दिवशी पूर्ण बुजते असे नाही; कडेने थोडे रक्त वाहत राहते. खरे नुकसान त्यानंतर होते. रक्ताची गुठळी शरीर विरघळवू शकते, कोलेस्टेरॉलचा स्फटिक मात्र त्याला विरघळवता येत नाही. तो परका पदार्थ समजून दाहपेशी त्याच्याभोवती गोळा होतात, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी तयार होतात, धमनीचे अस्तर जाड होऊ लागते आणि काही आठवड्यांत उरलेली वाटही बंद होते. उशिराचे कारण हे. त्यातच फाटलेल्या थरातून पुन्हा पुन्हा थोडा लगदा सुटत राहिला, तर क्रिएटिनिनला प्रत्येक वेळी नवी पायरी मिळते.

निळ्या बोटांचा खुलासाही यातच आहे. मोठी धमनी बंद झाली असती तर पाय गार पडला असता आणि नाडी लागली नसती. नाडी व्यवस्थित लागते आहे आणि तरीही बोट निळे आहे, याचा अर्थ अडथळा नाडीच्या पुढे, बोटाच्या अगदी बारीक वाहिन्यांत आहे. मांड्यांवरचे जाळीदार डागही त्वचेच्या छोट्या वाहिन्यांतल्या अशाच अडथळ्याने उमटतात. रुग्ण उभा राहिला की ते अधिक ठळक दिसतात, म्हणून झोपवून केलेल्या तपासणीत ते निसटू शकतात. अँजिओग्राफीनंतर क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण आला की मी अहवालांची फाइल उघडण्याआधी त्याला मोजे काढायला सांगतो. या सवयीने मला काही निदाने मिळवून दिली आहेत, आणि ती लागण्याआधी एकदोन माझ्या हातून सुटलीही आहेत.

आता तपासण्या. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण पाहायला सांगा. या आजारात सुरुवातीच्या दिवसांत ते अनेकांमध्ये वाढलेले असते, आणि अहवालावर ‘ॲलर्जी असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. रक्तातील पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट, शरीराच्या संरक्षणात भाग घेणारी प्रथिने) काही रुग्णांत कमी झालेली आढळतात. लघवीत फारसे काही न सापडणे हेही या आजाराच्या विरोधात जात नाही. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या: तिथल्या एखाद्या धमनीच्या फाट्यावर पिवळा चकाकणारा कण दिसला, तर तो बाहेरून पाहता येणारा कोलेस्टेरॉलचाच तुकडा असतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पोटात दुखणे, शौचास काळे होणे, वजन उतरणे किंवा बारीक ताप यांपैकी काही असेल तर तेही सांगा, कारण हेच स्फटिक आतड्यांतही जाऊ शकतात.

शंका उरलीच तर त्वचेचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतात. त्या काचपट्टीत एक गंमत असते. तुकड्यावर प्रक्रिया करताना वापरलेल्या द्रावणांत कोलेस्टेरॉल विरघळून निघून जाते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतच नाही. दिसते ती धमनीत त्याने व्यापलेली सुईच्या आकाराची रिकामी फट. डॅनिश वैद्यक पानुम यांनी १८६२मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले आणि १९४५मध्ये फ्लोरी यांनी शवविच्छेदनांच्या आधारे महाधमनीतले झिजलेले थर आणि या फटी यांचा संबंध स्पष्ट केला. तुमच्या वडिलांची बोटे, डाग आणि तारखा एकमेकांशी इतक्या जुळतात की मूत्रपिंडाची बायोप्सी कदाचित लागणारही नाही.

आता तुमच्या सर्वांत निकडीच्या मुद्द्याकडे येतो. निळे बोट पाहून हेपारिन किंवा वॉरफेरिनसारखे गुठळीविरोधी औषध द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे अडकलेली वस्तू गुठळी नाही, त्यामुळे त्या औषधाचा बोटाला उपयोग नाही. उलट, फाटलेल्या थरावर धरलेली गुठळी त्याची तात्पुरती खपली म्हणून काम करत असते व ती सुटली तर आणखी लगदा सांडेल, अशी भीती बाळगली जाते. म्हणून हृदयाचे अनियमित ठोके किंवा कृत्रिम झडप असे दुसरे सबळ कारण नसेल, तर अशी औषधे टाळण्याकडे कल असतो. मात्र स्टेंटनंतर चालू असलेली ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी गोळी ही वेगळी गोष्ट आहे. ती घरच्या घरी बंद केली तर स्टेंट बुजून जिवावर बेतेल. या दोन प्रकारच्या औषधांची घरात नेहमी गल्लत होते, तेव्हा कृपया हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

अडकलेला स्फटिक बाहेर काढणारे औषध नाही. उपचार आहेत ते उरलेले मूत्रपिंड वाचवण्याचे आणि पुढची गळती रोखण्याचे: रक्तदाब काटेकोरपणे आवरणे, कोलेस्टेरॉल उतरवून थर स्थिर करणारे स्टॅटिन हे औषध पुरेशा मात्रेत देणे, सिगारेट पुन्हा हातात न धरणे, वेदनाशामक गोळ्या टाळणे, बोटांची जखमेपासून जपणूक करणे आणि महाधमनीत पुन्हा नळी घालण्याची वेळ शक्य तितकी टाळणे. दाह आवरण्यासाठी काही तज्ज्ञ थोडे दिवस स्टेरॉइड देतात. त्याचा फायदा झाल्याचे अनुभव आहेत, ठोस पुरावा नाही. बोट कापण्याची घाई करू नका. कोरडे, काळे पडलेले टोक अनेकदा आपोआप वेगळे होते आणि मागचा भाग वाचतो. ओल, दुर्गंधी किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवा. नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडे, तुम्ही याच आठवड्यात जायला हवे. क्रिएटिनिन ३.१ म्हणजे डायलिसिस आलेच असे नाही, आणि आले तरी ते कायमचे असेलच असेही नाही. या आजारात काही महिन्यांनी डायलिसिसमधून बाहेर पडलेले रुग्ण असतात. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही एकाच वेळी अडचणीत असल्यामुळे पहिले वर्ष जोखमीचे आहे, हेही तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही.

‘चूक कोणाची’ याचे उत्तर देताना मी थोडा थांबलो. छातीत दुखणाऱ्या ७१ वर्षांच्या माणसाची अँजिओग्राफी करणे हा योग्य निर्णय होता. मनगटातून नळी घातली तर ती पोटातल्या महाधमनीतून जात नाही, त्यामुळे धोका घटतो. तो पूर्ण जात नाही, आणि प्रत्येकाचे मनगट त्यासाठी योग्य नसते. ही या तपासणीची ज्ञात, सुदैवाने विरळ गुंतागुंत आहे. तक्रारीला जागा असेल तर ती एवढीच, की घरी जाताना ‘दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा आणि पायाच्या बोटांवर लक्ष ठेवा’ हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितले होते का. ते सांगितले जात नाही असे मला वारंवार दिसते.

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. चार गोळ्या घेऊनही माझा वरचा रक्तदाब १६०च्या खाली येत नाही. सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड ८.४ आणि डावे १०.५ सेंटिमीटर आले. डॉपलरमध्ये उजव्या मूत्रपिंडाची धमनी ७० टक्के अरुंद असल्याचे सांगितले आहे. रॅमिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झाले, म्हणून एका डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. स्टेंट बसवून धमनी मोकळी केली तर सगळे ठीक होईल ना?

उत्तर : नळी अरुंद आहे तर ती रुंद करावी, हा विचार इतका सरळ आहे की आम्हा डॉक्टरांनाही तो अनेक वर्षे पुरेसा वाटत होता. १९३४मध्ये अमेरिकी वैद्यक गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली आणि रक्तदाब चढलेला दाखवला. कमी रक्त मिळालेले मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे दुसरे द्रव्य तयार होते, धमन्या आवळल्या जातात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. तुमच्या बाबतीत हेच चालले असणे शक्य आहे.

पण वर्षानुवर्षांच्या धमनीकाठिण्यात अडथळा फक्त त्या एका मोठ्या धमनीत नसतो. मूत्रपिंडाच्या आतल्या शेकडो लहान धमन्याही जाड झालेल्या असतात आणि तिथे स्टेंट पोहोचत नाही. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्ट्रल’ या अभ्यासात ८०६ आणि २०१४मधल्या ‘कोरल’ अभ्यासात ९४७ रुग्ण होते. चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मूत्रपिंड, हृदय किंवा आयुष्य यांचा ठळक फायदा दोन्हींत दिसला नाही. शिवाय मूत्रपिंडाच्या धमनीचे तोंड महाधमनीतच उघडते, आणि थर तिथेच सर्वांत दाट असतो. त्यावर फुगा फुगवताना लगदा थेट त्याच मूत्रपिंडात जाऊ शकतो. पहिल्या पत्रातली गोष्ट तुमच्याही वाट्याला येऊ शकते, ती अशी.

तरीही काही रुग्णांना स्टेंटचा खरोखर उपयोग होतो: ज्यांच्या फुप्फुसात अचानक आणि वारंवार पाणी भरते, ज्यांच्या दोन्ही धमन्या किंवा एकुलत्या एका मूत्रपिंडाची धमनी अरुंद असून क्रिएटिनिन वेगाने वाढते आहे, आणि ज्यांचा रक्तदाब योग्य गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही आवरत नाही. त्यातल्या तिसऱ्या गटात तुम्ही मोडता का, हे ठरवण्याआधी तुमच्या चार गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, त्या रोज वेळेवर घेतल्या जातात का आणि रोजचे मीठ पाच ग्रॅमच्या आत आहे का, हे तपासले पाहिजे.

रॅमिप्रिलच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. ही गोळी मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक वाहिनी सैल करते, त्यामुळे गाळणीतला दाब घटतो आणि क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षितच असते. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तिथेच स्थिरावली असेल आणि पोटॅशियम ठीक असेल, तर गोळी सहसा चालू ठेवतात. तुमची वाढ २५ टक्के आहे. अशा रुग्णांसाठी ही उपयुक्त गोळी आहे, ती एका आकड्याला घाबरून सोडू नये. मात्र ती पुन्हा सुरू करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, आणि एकदोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासण्याच्या अटीवर. उलट्या-जुलाब झाले किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर त्या दिवसांत ती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : वय ५२. दहा वर्षे रक्तदाब आहे, पण कधी त्रास नव्हता म्हणून गोळ्यांत खंड पडत गेला. क्रिएटिनिन १.१ आहे, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या डॉपलरमध्ये मोकळ्या आहेत, तरी लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जात असल्याने डॉक्टरांनी ‘रक्तदाबामुळे लहान धमन्या बुजत आहेत’ असे लिहिले. मोठी धमनी मोकळी असताना लहान कशा बुजतात, आणि त्या साफ करता येतात का?

उत्तर : डॉपलरला दिसतात त्या मूत्रपिंडाच्या दाराशी असलेल्या धमन्या. आत प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी केसाहून बारीक धमनी असते. वर्षानुवर्षे जास्त दाबाचे रक्त आदळले की या धमनीच्या भिंतीत रक्तातील प्रथिने झिरपून काचेसारखा एकसंध थर धरतात व आतली पोकळी आक्रसते. उपाशी पडलेली गाळणी सुकून तिचा वण होतो. उरलेल्या गाळण्यांवर जास्त भार पडतो, त्यांतून अल्ब्युमिन गळू लागते आणि काही काळाने त्याही थकतात. बाकीच्या गाळण्या सांभाळून घेत असल्यामुळे जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकते. तुमचा १.१ हा आकडा म्हणूनच पुरेसा नाही. वयानुसार काढलेला गाळणीचा वेग (अहवालात ‘ईजीएफआर’) आणि लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिनचे गुणोत्तर हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. वेग ६०च्या खाली किंवा गुणोत्तर ३०च्या वर तीन महिने राहिले, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात.

साफ करण्याविषयी : बुजलेली बारीक धमनी उघडणारे औषध, काढा किंवा थेंब अस्तित्वात नाही, आणि ‘किडनी साफ’ करणाऱ्या काही पुड्यांत जड धातू सापडतात, जे चांगल्या गाळण्याही मारतात. उरलेल्या गाळण्या टिकवणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. रक्तदाब १३०/८०च्या आत, सोसत असेल तर त्याहूनही थोडा खाली ठेवावा लागतो. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातली गोळी अल्ब्युमिनची गळती कमी करते. मूळ मधुमेहासाठी आलेले डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेह नसलेल्या, पण अल्ब्युमिन जाणाऱ्या रुग्णांतही मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे २०२०मध्ये दिसून आले. तुम्हाला ते लागेल का, हे गुणोत्तराच्या आकड्यावर ठरेल. गुडघा किंवा कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि त्रास नसताना गोळी घेणे हाच या आजारातला उपचार आहे, कारण त्रास सुरू होईपर्यंत वाचवण्यासारख्या गाळण्या थोड्याच उरलेल्या असतात.

प्रश्न : स्टॅटिनची गोळी मूत्रपिंड खराब करते असे ऐकून मी ती महिनाभर बंद ठेवली आहे. बरोबर केले का?

उत्तर : नाही. नेहमीच्या मात्रेत स्टॅटिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. उलट महाधमनीतल्या थराचे आवरण मजबूत करून तो फुटण्याची शक्यता कमी करते, आणि वरच्या पत्रांतली दुखणी टाळण्यासाठी तेच हवे असते. तुमच्या ऐकण्यात आले ते बहुधा एका विरळ दुष्परिणामाविषयी असावे, ज्यात स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतले रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकते. काही प्रतिजैविके आणि बुरशीवरची औषधे बरोबर घेतली तर तो धोका वाढतो, तेव्हा नवीन औषध लिहून घेताना स्टॅटिन चालू असल्याचे सांगा. डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू करा. दोन्ही मांड्या किंवा दंड विनाकारण खूप दुखू लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या.